बिल भरलं, गाडीचं दुखणं तेच: मुंबईत सर्व्हिस सेंटरशी कसं भांडायचं

सर्व्हिस सेंटरने गाडी आठवडाभर ठेवून घेतली, पाऊण लाखाचं बिल लावलं, धुऊनपुसून चकाचक करून दिली आणि पंधरवड्यात डॅशबोर्डवर तोच लाल दिवा पुन्हा हजर. मग माणूस तडक काउंटरवर जातो आणि आवाज चढवतो. चढवायला हरकत नाही. मुंबईत त्याशिवाय काउंटरवरचा माणूस मान वर करत नाही, हेही खरं. पण आवाजाची नोंद कुठेच होत नाही. सहा महिन्यांनी कंपनी किंवा ग्राहक आयोग विचारतं ते एवढंच: पहिल्यांदा तक्रार काय होती, काय काम केलं, किती पैसे घेतले आणि दुसऱ्यांदा गाडी आली ती कशासाठी?

या शेवटच्या प्रश्नावरच गाडं अडतं. दुसऱ्या फेरीला सर्व्हिस ॲडव्हायझर हमखास म्हणतो, “सर, ये तो अलग इश्यू है.” आधी रेडिएटर होता, आता वॉटर पंप आहे, पुढच्या वेळी हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालची सीलपट्टी) असेल. दर वेळी नवा पार्ट, नवं एस्टिमेट, नवं बिल. तुम्ही घेऊन गेलेली तक्रार मात्र पहिल्यापासून एकच असते: इंजिन गरम होतंय. ती ‘तीच तक्रार’ म्हणून कागदावर आणणं हे तुमचं मुख्य काम. वर्कशॉपमध्ये याला ‘रिपीट जॉब’ म्हणतात आणि तो लिहायला ते नाखूश असतात, कारण त्याचा हिशोब कंपनीकडे जातो.

खाली सगळीकडे गरम होणाऱ्या इंजिनाचंच उदाहरण घेतलंय. एसी, क्लच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, काहीही असलं तरी रीत तीच.

गाडी आहे तिथेच थांबवा

काटा वर चढला किंवा लाल दिवा लागला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. “घर दोनच किलोमीटर आहे, हळूहळू नेतो” हा विचार सगळ्यात महाग पडतो. तशी गाडी चालवली की हेड वाकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डीलरला तयार उत्तर मिळतं: “तुम्ही गरम गाडी चालवली, त्यामुळे झालं.” ते उत्तर खोडून काढणं मग फार अवघड.

थांबल्यावर मीटरचा फोटो घ्या. त्यात दिवा, काटा आणि किलोमीटरचा आकडा तिन्ही दिसले पाहिजेत. मग कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि गाडी फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या टोइंग ट्रकवर) चढवून न्या. ओळखीच्या टोवाल्याने नेली तरी गाडी पोचेल, पण कंपनीच्या असिस्टन्सकडे फोनची वेळ, जागा आणि कारण यांची नोंद होते. ती नोंद डीलरच्या हातात नसते, त्यामुळे पुढे फार कामाला येते. असिस्टन्सची मुदत संपली असेल तर विमा पॉलिसी पाहा. त्यात बरेचदा ही सोय असते आणि लोकांना आपण तिचे पैसे भरलेत हे आठवतही नाही.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बॉनेटखाली बघू द्या, पण पाना लावू देऊ नका. एकदा बाहेर काही उघडलं की पुढची सगळी चर्चा त्या उघडण्यावरच होते.

जॉब कार्ड

गाडी दुसऱ्यांदा आत जाते ती दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. ॲडव्हायझर टॅबवर भराभर काहीतरी टिपतो, तुम्हाला सही करायला लावतो आणि “कळवतो सर” म्हणून पुढच्या गाडीकडे वळतो. त्याला थांबवा. जॉब कार्डावर ग्राहकाने सांगितलेली तक्रार लिहायची जागा असते, काही ठिकाणी तिला ‘कस्टमर व्हॉइस’ म्हणतात, काही ठिकाणी ‘डिमांडेड रिपेअर’. तिथे बहुतेक वेळा ‘जनरल चेकअप’ किंवा ‘कूलंट चेक’ (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची तपासणी) असं काहीतरी मोघम पडलेलं असतं. ते खोडायला लावा आणि साधारण असं लिहून घ्या:

“इंजिन गरम होते. हीच तक्रार दि. अमुक, जॉब कार्ड क्र. अमुक यात नोंदवली होती. त्या वेळी हेड गॅस्केट व वॉटर पंप बदलून रु. अमुक घेतले. दुरुस्तीनंतर अमुक कि.मी. चालल्यावर तीच तक्रार पुन्हा. गाडी फ्लॅटबेडवर आणली.”

ॲडव्हायझर म्हणेल, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही. मग छापील प्रतीवर पेनाने लिहा, त्याची सही घ्या, फोटो काढा. सहीला नकार दिला तर तिथेच उभं राहून हाच मजकूर त्याच्या व्हॉट्सॲपवर आणि सर्व्हिस सेंटरच्या ईमेलवर पाठवा. सुरुवात अशी करा: “आत्ता गाडी जमा करताना ही तक्रार नोंदवायला सांगितली, ती नोंदवली गेली नाही, म्हणून लेखी कळवत आहे.” पाच मिनिटांचं काम आहे, पण वेळेचा शिक्का असलेला असा मेसेज नंतर लिहिलेल्या चार पानी पत्रापेक्षा वजनदार ठरतो.

एक सवय आणखी. रोगाचं नाव तुम्ही सांगू नका, लक्षण सांगा. “हेड गॅस्केट गेलंय बहुतेक” असं म्हणालात की ते ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’ बदललं जातं आणि चुकीच्या निदानाची जबाबदारी हळूच तुमच्याकडे सरकते. काटा वर जातो, कूलंट कमी होतं, हीटरमधून गार हवा येते, मागून पांढरा धूर येतो, एवढंच सांगा. कारण शोधण्याचेच तर ते पैसे घेतात.

गाडी देताना स्कॅन रिपोर्टही मागा. आजकालच्या गाड्या बिघाडाचे कोड (फॉल्ट कोड) साठवतात, ते या रिपोर्टात दिसतात. पहिल्या दुरुस्तीआधीचा, नंतरचा आणि आताचा असे तीन रिपोर्ट शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप उलगडते. कोड नुसता पुसून गाडी परत दिली असेल तर तेही कळतं.

जुने पार्ट मागून घ्या

हे फार कमी लोक करतात. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो, त्यावर तुमचा हक्क नाही. पण पैसे मोजून बदललेला जुना पार्ट तुमचा आहे. एस्टिमेट मंजूर करतानाच कळवा: “बदललेले सगळे जुने पार्ट परत हवेत.” एवढ्याने दोन गोष्टी होतात. न बदललेल्या पार्टचं बिल लावणं अवघड होतं आणि नंतर तज्ज्ञाला दाखवायला वस्तू हातात राहते. काढलेल्या गॅस्केटवर जळल्याची खूणच नसेल तर मूळ निदानच चुकलं होतं, असं म्हणायला जागा मिळते.

हेड उतरवलं असेल तर आणखी एक विचारा: हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, पाठवलं होतं का, कुठे, आणि त्याचं माप किती आलं? गाडी गरम झाली की हेडचा पृष्ठभाग वाकतो. तो सरळ न करता नवं गॅस्केट बसवलं तर ते थोड्या दिवसांत पुन्हा जातं. हे काम बरेच डीलर स्वतः करत नाहीत, बाहेरच्या वर्कशॉपला देतात. त्याचं चलन असतं. ते चलन मागितल्यावर समोरचा एकदम गप्प झाला, तर काय झालं असेल ते तुम्ही ओळखा.

बिल नीट वाचा. लेबर आणि पार्ट वेगवेगळे दाखवलेले असतात. सीलबंद पाकिटात येणाऱ्या पार्टवर एमआरपी छापलेली असते आणि ती सर्व करांसकट असते. तेव्हा बिलातली मूळ किंमत अधिक जीएसटी मिळून एमआरपीच्या वर जाता कामा नये. गेली तर ती तक्रार राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे वेगळी करता येते. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाखाली हजार-दीड हजार टाकलेले असतात, त्याचाही तपशील विचारायला लाजू नका.

पावसाळ्यानंतर बिघाड झाला असेल तर एक वाक्य कानावर येणारच: “पाणी गेलं होतं ना गाडीत?” हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे या पाणी तुंबणाऱ्या जागांच्या कृपेने मुंबईत हा आरोप कुणावरही शोभून दिसतो. कधीकधी तो खराही असतो. इंजिनात पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाकलेल्या रॉडवर गाडी काही महिने चालूनही नंतर मोडते. पण नुसतं म्हणून भागत नाही. एअर फिल्टरचा फोटो, इनटेकमधल्या पाण्याच्या खुणा, वाकलेल्या रॉडचा फोटो दाखवा म्हणा. आणि पहिल्या दुरुस्तीच्या वेळी इंजिन उघडलं होतं तेव्हा हे का दिसलं नाही, हा प्रश्न लेखी विचारा.

गाडी अडवून धरली तर

बिल भरल्याशिवाय गेट पास मिळत नाही, आणि “चूक तुमची, पैसे का देऊ” म्हणून गाडी तिथेच सोडून यावंसं वाटतं. जपून. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. शिवाय गाडी तयार असल्याचं कळवल्यानंतर काही डीलर दिवसाला पार्किंगचे पैसे लावतात आणि तो आकडा भराभर वाढतो.

त्यामुळे बहुतेक वेळा शहाणपणाचा रस्ता असा: पैसे भरा, पण निषेध नोंदवून भरा. बिलाच्या त्यांच्या प्रतीवर लिहा, “तक्रार कायम आहे. निषेध नोंदवून रक्कम भरत आहे, हक्क राखून.” तेच लगेच ईमेलवर. रोख देऊ नका. क्रेडिट कार्डाने भरलं तर बँकेकडे डिस्प्यूट टाकायची वाट उघडी राहते, दर वेळी यश येईल असं नाही. ‘काम समाधानकारक’ अशा छापील ओळीखाली सही मागितली तर ती ओळ खोडून सही करा. आणि गेटबाहेर पडण्याआधी ॲडव्हायझर किंवा फोरमनला शेजारी बसवून रोड टेस्ट घ्या. वर्कशॉपभोवतीची एक फेरी म्हणजे टेस्ट नव्हे. गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल तर संध्याकाळी साकीनाक्याच्या रांगेत वीस मिनिटं उभी करून बघा, एसी चालू ठेवून.

पक्कं बिल द्यायला टाळाटाळ झाली तर ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कच्च्या कागदावर सूट देतो म्हणणाऱ्याला नकोच म्हणा.

कोणाशी बोलायचं

ॲडव्हायझरशी भांडून फायदा नाही. त्याच्या हातात पाच-दहा टक्के लेबर सूट देण्यापलीकडे फारसं काही नसतं, आणि तो सहा महिन्यांत दुसऱ्या ब्रँडला गेलेला असतो. त्याच्या वर वर्क्स मॅनेजर, त्याच्या वर सर्व्हिसचा जनरल मॅनेजर, आणि सगळ्यात वर डीलरशिपचा मालक. या साखळीच्या बाहेर, पण सगळ्यांवर वजन असलेला माणूस म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर. तो ठराविक दिवशी डीलरकडे येतो. “कंपनीचे साहेब कधी येणार आहेत? त्यांच्यासमोर गाडी बघू” असं म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो. कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार केली की तिचा क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक ईमेलमध्ये डीलर आणि कंपनी दोघांनाही ठेवा.

वॉरंटी संपलेली असली तरी एक गोष्ट मागता येते, तिला या धंद्यात ‘गुडविल’ म्हणतात. कंपनी पार्टची किंमत पूर्ण किंवा काही टक्के सोसते, लेबर डीलर सोडतो किंवा तुम्ही भरता. हा हक्क नाही, सवलत आहे, आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सगळ्या सर्व्हिस अधिकृत सेंटरमध्येच झालेल्या असतील तर ती मिळण्याची शक्यता बरी असते. याशिवाय, पैसे देऊन बसवलेल्या अस्सल पार्टवर कंपनीची वेगळी वॉरंटी असते. मुदत ब्रँडप्रमाणे बदलते, बिलाच्या मागे बारीक अक्षरात पाहा. तोच पार्ट पुन्हा गेला असेल तर दुसऱ्या बिलाचा प्रश्नच येत नाही.

मग दोन दिवसांनी एक गोड आवाजाचा फोन येतो: सर्व्हिस कशी वाटली? त्याआधी ॲडव्हायझरचा मेसेज आलेला असतो, “सर, प्लीज दहापैकी दहा द्या, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे.” त्याची दया येणं साहजिक आहे. पण तक्रार कायम असताना दहा गुण दिले की कंपनीकडे तुम्ही समाधानी ग्राहक म्हणून नोंदले जाता, आणि हीच नोंद पुढे तुमच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते. खरं ते सांगा. फोनवर कमी गुण पडले की वर्क्स मॅनेजरचा फोन स्वतःहून येतो, हा अनुभव अनेकांना आहे.

आरटीओत जाऊन काही होत नाही. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, कुठेही गेलात तरी दुरुस्तीचा वाद त्यांच्या कक्षेत नाही. पोलिसही ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील. नव्याचे पैसे घेऊन जुना पार्ट बसवल्याचा ठोस पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, ती फसवणूक होते.

तिसऱ्याचं मत

डीलर म्हणतो सगळं ठीक, तुम्ही म्हणता नाही. आता तिसरा माणूस लागतो. पहिला पर्याय त्याच ब्रँडचं दुसरं अधिकृत सेंटर, शक्यतो दुसऱ्या मालकाचं. वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नव्हे, तेव्हा गाडी कुठेही नेता येते. फक्त एवढं लक्षात ठेवा की एक डीलर दुसऱ्याविरुद्ध सहसा लिहून देत नाही. त्याच्याकडून मत मागू नका, निरीक्षण मागा: प्रेशर टेस्टचा आकडा, स्कॅन रिपोर्ट, कूलंटची पातळी.

गरम होणाऱ्या गाडीसाठी एक साधी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून त्यात निळं द्रावण भरतात आणि इंजिन चालू करतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. गॅस्केट किंवा हेड गळतंय याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. काहीही उघडावं लागत नाही, आणि फोनवर एका शॉटमध्ये, नंबर प्लेटपासून सुरू करून रंग बदलेपर्यंत, व्हिडिओ घेता येतो.

लाखाच्या वरचा मामला असेल तर परवानाधारक मोटार सर्व्हेअरकडून अहवाल घ्या. हे लोक विम्याच्या दाव्यांची पाहणी करतात, त्यांना नोंदी कशा लिहायच्या ते ठाऊक असतं, आणि आयोगासमोर “गॅरेजवाल्याने सांगितलं” यापेक्षा त्यांच्या सहीशिक्क्याला किंमत येते.

पत्र

वकिलाची नोटीस पहिल्याच फटक्यात नको. आधी स्वतःचं पत्र, स्पीड पोस्टाने, डीलर आणि कंपनी दोघांच्या पत्त्यावर, जोडीला ईमेल. शिव्या नकोत, विशेषणं नकोत. मजकूर असा पुरतो:

“गाडी क्र. ____. दि. ____ रोजी इंजिन गरम होण्याच्या तक्रारीसाठी गाडी आपल्याकडे दिली (जॉब कार्ड क्र. ____). आपण हेड गॅस्केट व वॉटर पंप बदलून रु. ____ घेतले (बिल क्र. ____). त्यानंतर ____ कि.मी. चालल्यावर दि. ____ रोजी तीच तक्रार पुन्हा उद्भवली. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण (१) दुरुस्ती विनामूल्य करून बिघाडाचं कारण लेखी द्यावं, किंवा (२) रु. ____ परत करावेत. या मुदतीत गाडी तपासायची असल्यास तारीख कळवावी. तसं न झाल्यास मी गाडी अन्यत्र दुरुस्त करून घेईन आणि आधीचं बिल, नवा खर्च व नुकसानभरपाई यांसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.”

‘तपासायची असल्यास तारीख कळवावी’ हे वाक्य गाळू नका. खटला निकाली निघेपर्यंत गाडी सोसायटीत धूळ खात ठेवणं कुणालाच परवडत नाही. मुंबईत पार्किंगचा प्रश्न आहेच. पण डीलरला संधी न देता बाहेर दुरुस्ती केलीत तर तो म्हणेल, आम्हाला बघूच दिलं नाही. संधी देऊन, मुदत संपल्यावर, फोटो आणि व्हिडिओ घेऊन, काढलेले पार्ट जपून ठेवून गाडी खुशाल दुरुस्त करा. बाहेरच्या मेकॅनिककडूनही पक्कं बिल घ्या आणि त्यावर काय खराब निघालं ते लिहून घ्या.

१९१५ आणि मग आयोग

पत्राला उत्तर नाही आलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा तिच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार डीलरला वगळून थेट कंपनीच्या मुख्यालयात पोचते. तडजोडीची शक्यता असलेली प्रकरणं बरीचशी इथेच मिटतात. फुकट आहे, करून पाहा. सल्ला हवा असेल तर मुंबईत १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत आणि १९६६ पासूनची कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या दोन जुन्या संस्था आहेत.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे वकील बंधनकारक नाही. २०१९ च्या कायद्यातली ग्राहकाच्या सोयीची मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. पुण्यात घेतलेली, एमएच १२ ची गाडी घेऊन तुम्ही आता मुलुंडला राहत असाल तर मुंबईतच तक्रार होईल. मुंबई शहर जिल्हा माहीम-सायनपर्यंत, त्यापुढे उपनगर जिल्हा. शहराचे आयोग परळला, उपनगराचा वांद्रे पूर्वेला. ठाणे आणि नवी मुंबईकरांनी आपापल्या जिल्ह्याचा आयोग पाहावा. बिलावर ‘अमुक शहराच्या न्यायालयाच्या अधीन’ असं छापलेलं असतं किंवा लवादाची अट असते. त्याला घाबरू नका, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही असं स्पष्ट केलं आहे.

जिल्हा आयोगाची मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ५० लाखांपर्यंत आहे, आणि ती तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १०००. दुरुस्तीच्या सेवेतली त्रुटी हाच मुद्दा असेल तर बहुतेकांना फी लागतच नाही. ऑनलाइन तक्रार आधी ‘ई-दाखिल’वर होत असे, २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल आलं आहे. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते. ऑफिसातून अर्धा दिवस सुटी घेऊन लोकलने परळ गाठणाऱ्याला तिची किंमत कळेल.

आयोगाकडे तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. “बोलणी चालू आहेत” म्हणून ती थांबत नाही, आणि काही डीलर नेमकं हेच करत राहतात: पुढच्या आठवड्यात बघू, कंपनीकडून मंजुरी यायचीय. दीड वर्ष झालं की बोलणी बाजूला ठेवून तक्रार दाखल करा.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. कंपनी म्हणेल डीलर स्वतंत्र, डीलर म्हणेल पार्ट कंपनीचा. ते आपसात बघून घेतील. मागणी मात्र मापात ठेवा. फसलेल्या दुरुस्तीचे पैसे, नंतरच्या दुरुस्तीचं बिल, टोइंगचा खर्च, त्या काळातल्या टॅक्सीच्या पावत्या, त्रासाबद्दल काही रक्कम, तक्रारीचा खर्च. नवी गाडी मागण्याचा मोह होतो, पण त्यासाठी मूळ उत्पादनातच दोष होता हे सिद्ध करावं लागतं. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटी सदोष पार्ट बदलून देण्याची असताना अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असं म्हटलं होतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जोडणार असाल तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ठेवा. मूळ फोन फॉरमॅट करू नका.

गाडी तुमच्या धंद्याच्या कंपनीच्या नावावर असेल किंवा धंद्यासाठी चालत असेल तर ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी टॅक्सी चालवणारा मात्र ग्राहकच असतो.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर १५ दिवस जादा मिळतात. त्यापुढे वाढ नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं. कायद्यात तपासणी नसलेल्या तक्रारीला तीन महिने आणि प्रयोगशाळेची तपासणी लागणाऱ्याला पाच महिने असं लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं लागतात, ती धरूनच चला. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव येतो, आणि माझं मत विचाराल तर दुरुस्तीच्या वादात तो घ्यावा. आकडा पटला तर चेक किंवा बँक ट्रान्सफर आल्यावरच तक्रार मागे घ्या, आश्वासनावर नाही. समझोत्याच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असं असतंच. त्यात नव्याने बसवलेल्या पार्टची वॉरंटी कायम राहील, हे एक वाक्य घालून घ्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर डीलरला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज दाखल झाल्याची प्रत डीलरच्या मालकाच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यावर नाही.